घडी

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
समोर टे नदी, ओहोटीची, पाण्यापेक्षा चिखलच जास्त,
आणि मी एक फाईल लिहितेय
जिच्यात काहीच घडत नाही.

नुसती नावं. कोणी काय मागावं,
त्याला काय मिळेल: आकडा, शब्द, की नुसतं होय-नाही.
एका ठिकाणी प्रश्नचिन्ह टाकलं,
म्हणजे उत्तर आलं तर आलं, नाहीतर रिकामं.
लग्नाच्या यादीत काकू असंच टाकायच्या
मिरजेच्या पाहुण्यांपुढे.

स्क्रीन मधोमध दुमडला तर पानाला ते कळावं,
एवढंच म्हणणं. त्यासाठी अकरा महिने
सहा देशांतली माणसं भांडली
एका इंग्रजी नामासाठी.
मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं होतं, घडी.
म्हटल्याबरोबर ती 'ती' झाली.

आमच्याकडे कुणी ठराव करत नाही.
तो ब्राउझर, ती फाईल, ते बटण.
कधी ठरलं विचारा, सगळे गप्प.
फक्त बिल्डचं अजून भिजत घोंगडं:
सोलापूरचा व्यंकप्पा म्हणतो, तुटला.
मी म्हणते, तुटलं.
तुटतो मात्र दोघांचाही.

आज महिरपी कंसामागचा अर्धविराम राहिला म्हणून.
मग फाईलचं नाव यादीत घालायचं विसरले म्हणून;
कंपायलर माझ्यावरून नजर न टाकता निघून गेला.
सातच्या सुमाराला उरली एकच पडलेली चाचणी,
ती, जी सगळी नावं पाठ म्हणून दाखवते.
तिची तक्रार एवढीच
की एक नाव जास्त निघालं.

आयली गेडीसनं तपासायला घेतलं.
"एकदा बाहेर गेलं की परत घेता येत नाही," ती म्हणाली,
"स्पेलिंग तेवढं पुन्हा बघ."

बघितलं. अक्षरा-अक्षरावर बोट ठेवून,
जसं कधीच बघितलं नाही
इथल्या दवाखान्याच्या कार्डावरचं माझं,
जिथे नऊ वर्षं मी 'मुरमई' आहे
आणि हाक आली की उठते.

तर नाव घातलं, वर्णक्रमानं,
दोन जुन्या नावांना जरा सरकायला लावून.
आत अजून काही नाही. आतलं काम
व्यंकप्पा सोमवारी घेणार आहे, घेतलं तर.
तोवर कुणी विचारलंच
तर घडी सांगेल: रिकामं.
खोटं नाही ते.