उघाडीची चावी

इतिवृत्ताच्या वहीत हे बसत नाही,
म्हणून पाठकोऱ्या कागदावर लिहितो.

मी घाटावरचा. शिरणखारला ग्रामसेवक म्हणून आलो तेव्हा
समुद्र दिवसातून दोनदा येतो हे मला
शाळेच्या पुस्तकापुरतंच ठाऊक.
जोमा म्हात्र्यांनी बांधावर बसवून शिकवलं:
तिथीची पाऊणपट कर, भरतीचा तास निघतो.
अष्टमीला सहा.
अमावास्येला सव्वाअकरा, आणि वर थोडं
खाडीचा वळसा म्हणून.
असा हिशेब कुठल्याच परिपत्रकात नव्हता.

पूर्वी इथे जोळपद्धत होती म्हणे.
ज्याची जेवढी खाचरं, तेवढे हात बांध त्याने राखायचा,
उधाणाच्या रात्री घरटी एक माणूस, एक कंदील,
न येणाऱ्याला दोन पायली तांदूळ दंड.
मग बांध सरकारी झाला.
उघाडीला लोखंडी दार बसलं, दाराला कुलूप,
आणि चावी गेली तालुक्याला:
बावीस किलोमीटर, मधे रेल्वेचं फाटक,
शनिवार-रविवार बंद.

श्रावणातली अमावास्या त्या वर्षी रविवारी पडली.
आतलं पावसाचं पाणी बाहेर जाईना,
बाहेरचं खारं चढत आलं,
बांध दोन्हीकडून फुगला
न बोलता बसलेल्या माणसासारखा.
मध्यरात्री खांड गेली.
आधी खेकड्याच्या बिळाएवढी,
मग बैलगाडी जाईल एवढी.
सकाळी लावणीवर चिंबोऱ्या चालत होत्या.

मी अर्ज केला. अर्जाला आवक क्रमांक मिळाला.
अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी हवी,
मंजुरीला जागेची पाहणी,
पाहणीला गाडी,
गाडीला डिझेल.

पौर्णिमेच्या आत गावाने वाट बघणं सोडलं.
पेंढा, खाजणातला चिखल, गोळे हातोहात,
ओहोटीचे चार तास.
जोमाचे सत्तर वर्षांचे गुडघे गाळात
आणि तोंडात एकच: "खालून भर, खालून!
वरशी टाकलेली माती वरच रवते."
कुलूप कोणी तोडलं ते मी पाहिलं नाही.
पाहिलं. लिहिलं नाही.

नोटीस मात्र तीन दिवसांत पोचली.
शासकीय मालमत्तेशी छेडछाड.

ग्रामसभा कार्यालयात मावेना,
जाळी सुकवायच्या ओट्यावर भरली.
ठराव: उघाडी गावाची, चावी गावात राहील,
निधी येवो न येवो, बांध आम्ही बघू.
सूचक, अनुमोदक, हात वर.
मोजताना दोनदा चुकलो,
काही हातांवर अजून गाळ सुकलेला होता.
वर्षभर खेटे घातल्यावर चावी आली,
लाल फितीत, पोच घेऊन.

इथवरचं थोडंफार वहीतही सापडेल.

चावी सरपंचांच्या ओटीवर खिळ्याला लागली.
सरपंच आठवड्यातले चार दिवस पनवेलला.

वाडीवरची सोमी मुकणे
उघाडीच्या तोंडाशी रोज बोयटं धरते,
पाण्याचा रंग पाहून सांगते दार कधी उघडायचं.
तिची आईही सांगायची, त्या जुन्या दिवसांतही.
ऐकून घ्यायचे. नाव धरायचे नाहीत.
ज्याची खाचरं त्याचा शब्द,
आणि वाडीला खाचर नाही.

परवाच्या सभेत ती मागे, माडाला टेकून उभी होती.
म्हणाली, "तालुक्याशी चावी गावान आली, बरा झाला.
आता खिल्यावरशी खाली येऊंदे."
कोणीतरी हसलं.
जोमा हसला नाही, पायाखालची माती बघत राहिला.

ठराव क्रमांक मी लिहून ठेवला आहे.
पुढची ओळ कोरी.

आज दशमी. साडेसातला भरती.
सरपंचांचं दार बंद, ओटी उघडी,
आणि सोमी बांधावरून
माझ्याकडे बघते आहे.