एकेचाळीस फेऱ्यांचा किलोमीटर

आमच्या गच्चीच्या एकेचाळीस फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर.
मी टेपने मोजलंय, शिलाई मशीनच्या,
दोनदा, कारण पहिल्यांदा टाकीचा कोपरा धरायचा राहिला.

लोकमान्य नगर, इंदूर. एप्रिल.
रस्ता असा मोकळा की सायकलवरच्या पोरानं
हात सोडून डुलकी काढावी. पण पोरही नाही.
साडेसहाला कचऱ्याची गाडी तेवढी येते
तिचं ते गाणं वाजवत, जसं काही झालंच नाही.
मी कठड्यावरून हात हलवते,
चालक दिवे उघडझाप करतो.
आमची ओळख इतकीच. चेहरा मास्कच्या आत.

शर्यत फोनमध्ये आहे.
चौघांनी मिळून बेचाळीस किलोमीटर, सात दिवसांत,
ज्यानं त्यानं आपापल्या घरी.
विभावरी बडोद्याला, पार्किंगमध्ये, झाकलेल्या मोटारींमधून.
हर्षद मुळ्ये देवासला, तुळशीभोवती
(बायको म्हणते, एवढ्या प्रदक्षिणांत दुसरा कुणी मोक्षाला गेला असता).
अविनाश खासगीवाले इथेच, दोन गल्ल्या सोडून.
आणि मी, अठ्ठावन्न, वीज मंडळातून निवृत्त,
उजवा गुडघा तक्रारखोर.

खिशात चिंचोके.
दहा फेऱ्या झाल्या की एक या खिशातून त्या खिशात.
चार चिंचोके आणि वर एक फेरी,
आहेराच्या पाकिटावरच्या रुपयासारखी.

मधे कुरडया वाळताहेत, त्या ओलांडायच्या.
फोन नकाशा काढतो तो बघण्यासारखा:
पेन चालतंय का बघायला पोरानं केलेला गिचगोळा.
त्यातली एक रेघ सटकून
शेजारच्या ताऱ्यांच्या स्वयंपाकघरातून जाते.
उपग्रहाला वाटतं मी तिथं पोहे खाऊन आले,
शेव, जिरावण, सगळं.
वर्ष झालं कुणाच्या घरी गेले नाही.
रेघ तरी जाऊन आली.

सायरन वाजला की आधी थांबायचे.
मग थांबून भागेना, किलोमीटर पुराच होईना.
आता तो आवाज वळणाआड जाईपर्यंतची फेरी
आत जो कुणी असेल त्याची.
ती मी माझ्यात धरत नाही.

तिसऱ्या दिवशी अविनाशच्या नावापुढे शून्य.
चौथ्या दिवशी शून्य.
मग त्याच्या मुलीचा फोन. ऑक्सिजन, एवढाच शब्द नीट ऐकू आला.
आम्ही तिघांनी काही न बोलता
त्याचे किलोमीटर वाटून घेतले,
जिना चढणाऱ्याच्या हातातली पिशवी
न विचारता घ्यावी तसे.

त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला माझा श्वास.
येतो. जातो. सिलिंडर नाही, रांग नाही,
कुणाच्या ओळखीचा फोन लावावा लागत नाही.
टाकीला पाठ टेकून बसले
आणि, आता सांगायला लाज वाटते,
गुडघ्याला थँक्यू म्हणाले. मोठ्यानं.
कबूतर उडालं.

सातव्या दिवशी, रात्री नऊ-दहाला, फोन थरथरला.
अविनाश खासगीवाले: ०.०२ किलोमीटर.
खाटेपासून संडासापर्यंत आणि परत.
विभावरीनं लिहिलं, वेळ?
अकरा मिनिटं, तो म्हणाला. सिस्टर पुढे होती,
तिला गाठता आलं नाही.

बेचाळीस तर दुपारीच झाले होते.
तरी दिवा न लावता वर गेले.
कुरडया आत घेतलेल्या, फरशी अजून कोमट.
एक फेरी घातली,
चिंचोका न हलवता.

पदक जूनमध्ये आलं, कुरिअरनं.
दोन दिवस उन्हात ठेवलं, तेव्हाच्या रीतीप्रमाणे.
मागे कोरलेलं: ४२.
सुनेची नेलपॉलिश घेऊन मी पुढे एक टिंब दिलं,
एक शून्य, जरा वाकडं,
आणि दोन.