डाव्या दाराचा चरा

दार उघडलं की खांबावर एक स्टिकर आहे,
टायरची हवा, कसलेसे नंबर, आणि सगळ्यात खाली
रंगाचा कोड. तीन अक्षरं.
अकरा वर्षं मी ती कधी वाचली नव्हती.

उद्यमनगरात दस्तगीर मुजावर म्हणाला,
'कोड बरोबर हाय मॅडम, पण रंग नाही बसायचा.
ह्यो रंग गाडी कंपनीतनं निघाली त्या दिवशीचा.
तुमच्या गाडीनं अकरा उन्हाळं खाल्ल्यात.'
शेजारच्या शेडमध्ये लेथवर बिडाचा कीस उडत होता.
त्यानं बाटलीत काळ्याचे दोन थेंब सोडले,
बॉनेटवर काडीनं टिपका लावला, मान तिरकी केली,
आणि अजून अर्धा थेंब.
प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी ब्युरेटचे थेंब मोजले;
अर्धा थेंब पाडायला पोरांना शिकवणं
किती जिवावर येतं, मला ठाऊक.
पैसे जास्तच दिले. त्यानं परत केले.

रविवार. जरगनगरात जागे फक्त दूधवाला आणि मी.
साबणाचं पाणी, दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर,
चऱ्याच्या वर-खाली चिकटपट्टी,
जर्नलातल्या समासासारखी सरळ.
चरा वीतभर. मागच्या दिवाळीपासूनचा.
तो कुणी पाडला हे मला पक्कं माहीत होतं:
तळमजल्यावरच्या मगदूमांचा सम्यक, सहावीतला,
त्याची लाल सायकल, ब्रेकच्या दांड्याला रबर नाही.
त्याच्या आईला म्हणाले होते,
'माझं काही म्हणणं नाही हो, पण पोराला वळण...'
आणि 'वळण' शब्दावर थांबले होते, मुद्दाम.
सम्यक जिन्याच्या कठड्याला टेकून उभा.
नाही म्हणाला नाही. हो म्हणाला नाही.
तेव्हापासून सायकल पार त्या टोकाला लावतो,
पाण्याच्या टाकीमागं.

घासता घासता पेपरावर निळं आलं.

आधी वाटलं, साबण.
बोट ओलं करून पुसलं, पुन्हा निळं,
पापुद्र्यासारखे कण, चऱ्याच्या तळाशी बसलेले.
मान वर केली. समोर आमचं फाटक,
गणपतीच्या आधी मीच रंगवून घेतलेलं,
त्याच्या खांबाला, गुडघ्याच्या उंचीवर,
वीतभर लोखंड उघडं, गंजलेलं.

काही वेळ नळ नुसताच चालू राहिला.

प्रायमर लावला. वाट बघितली.
बाटली हलवली, आतली गोळी खुळखुळली.
झाकणातला ब्रश नेलपॉलिशसारखा, पण केस राठ;
तो ठेवून दिला, काडेपेटीतली काडी घेतली.
ओढायचं नाही, टेकवायचं.
रंग आपणहून चऱ्यात उतरतो.
घाई केली की फुगून बसतो,
गांधीलमाशी चावल्यागत.

'मी पट्टी धरू?'
सम्यक कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
हातात पावाची लादी.
'शिंकू नकोस,' मी म्हणाले.
सात महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य.
दुसरं जुळवायला वेळ लागला.
'अरे, तो निळा रंग...'
'फाटकाचा,' तो म्हणाला. 'मला म्हाईत हुतं.
तुमी रिव्हर्स घेताना मी गच्चीत हुतो.'
'मग बोलला का नाहीस?'
तो पट्टीकडंच बघत राहिला.
'तुमी इचारलंच न्हवतं. सांगितलं हुतं.'

काडीच्या टोकावर थेंब लोंबत होता.
पडू दिला नाही. एकतीस वर्षांची सवय.

संध्याकाळी पट्टी काढली, वरून क्लिअरचा एक हात.
समोरून बघितलं तर काही नाही,
मुजावरचा अर्धा थेंब नेमका बसलाय.
पण उन्हं तिरपी झाली की दिसतो चरा
टाकीच्या बाजूनं,
सायकल लावलेली असते तिथून.

बाटलीत बोटभर रंग उरला. हाताचा वास जाईना.
तळमजल्यावरची बेल वाजवली.
मगदूमबाईंनी दार उघडलं, मनगटापर्यंत कणीक.
मी 'वळण' या शब्दापासूनच सुरुवात केली.