पंधरापैकी

डोळ्यांना चार, बोलण्याला पाच,
हातापायांना सहा.
या परीक्षेत भोपळा कुणालाच मिळत नाही,
मेलेल्यालाही तीन असतात,
असं डॉक्टर कातुशाबे पहिल्याच दिवशी म्हणाल्या
आणि हसल्या नाहीत.

म्बराराचं सरकारी इस्पितळ, न्यूरोसर्जरीचा दुसरा आठवडा.
मी गुलूची, उत्तरेकडची.
इथल्या भाषेत मला "अगांडी" येतं,
"दुखतं का" येतं, "जीभ दाखवा" येतं.
उत्तर आलं की पंचाईत.

खाट अकरा. करुहांगा.
मुलगी म्हणते सत्तरीचा, कागद म्हणतो साठ.
महिन्यापूर्वी बोडाबोडावरून पडला,
उठला, धूळ झटकली, घरी गेला.
आता डोकं ठणकतं, आणि चहात मीठ घालतो.

कुठे आहात, मी विचारलं.
बिहोगो, तो म्हणाला.
कुठला महिना?
मायेंजे. सीना. गाजू.
मी लिहिलं: असंबद्ध शब्द. तीन.

न्यांगोमा फरशी पुसत होती. फडकं पिळत म्हणाली,
"गाई मोजतोय गं तो.
तांबडी, ठिपक्यांची, काळसर, फिकट..."
मुलगी कोबुसिंगे म्हणाली, आठ आहेत आमच्या.
मग न्यांगोमानंच त्याला विचारलं माझं सगळं, नीट, तिच्या बोलीत.
तो म्हणाला, इस्पितळात आहे, मार्च आहे,
ही पोरगी काय विचारते ते कळेना,
तेवढ्यात मी माझं काम करत होतो.

मी तीन खोडून पाच केले.
कागदावर म्हातारा सुधारला.

दुपारी खाटकाकडून आणलेली कवटी
टेबलाला शिकंज्यात आवळून
आम्ही पाचजण आळीपाळीनं गिरमिट फिरवलं.
"ताकद नको. ऐका," डॉक्टर म्हणाल्या.
हाड आधी कुरकुरतं, मग ओलं बोलतं,
तिथं थांबायचं.
ओडोंगो थांबला नाही. गिरमिट थेट आत.
"हा गेला," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचा."
लांब शिंगांची असणार ती,
मुळाशीच कापलेली, बुंधा माझ्या मनगटाहून जाड.
खाट अकराला हे सांगायचं नाही, असं आपोआप ठरलं.

रात्री एक वाजता वीज गेली, जनरेटर लागला.
मी टॉर्च घेऊन फिरले. डोळे चार. हातपाय सहा.
बोलणं? माझ्या मोडक्या भाषेत म्हटलं:
गाई.
तो हसला. सांगू लागला.
मी बोटं मुडपत होते.
सात.
पुन्हा म्हटलं, पुन्हा सात.
कोबुसिंगे चटईवर उठून बसली होती.
"गाजू," ती म्हणाली. "गाजू कशी विसरला?"

यासाठी रकाना नाही.
पंधराच होते, कुठूनही बेरीज करा.
मी त्याला हात पुढे धरायला लावले, तळवे वर, डोळे मिटून.
उजवा राहिला.
डावा हळूहळू कलला,
झोपेत कुणाच्या हातातलं ताट कलावं तसा.

डॉक्टरांना फोन केला. काय सांगू?
एक गाय कमी आहे, असं तोंडातून गेलं.
पलीकडे क्षणभर काही नाही.
मग: "डावा हात बघितलास?"
"बघितला."
"मी निघाले."

स्कॅनवर कवटीच्या आत उजव्या बाजूला
चतुर्थीच्या चंद्राएवढी कोर.
पहाटे दोन भोकं.
मी फक्त सलाइन सोडत होते, सिरिंजनं, बेतानं,
आणि ऐकत होते.
कुरकुर. मग ओलं.
डॉक्टर थांबल्या.
मोटरसायकलच्या जुन्या ऑइलसारखं काळं रक्त
स्वतःहून बाहेर आलं,
घाई नसल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खुर्ची ओढून बसले.
बिहोगो, मायेंजे, सीना, गाजू...
आठ झाल्या. मी पेन उघडलं.
तो थांबला नाही. आणखी एक नाव घेतलं.
मी कोबुसिंगेकडे पाहिलं.
ती पांघरुणाची कड सारखी करत होती.
"ती दुष्काळात गेली," म्हणाली. "मी लहान होते."

मी किती द्यायचे?
न्यांगोमा बादली घेऊन पुढच्या खोलीत गेली होती.
म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून
तेच नाव पुन्हा सांगितलं, सावकाश,
मला नीट म्हणता यावं म्हणून.
मी म्हटलं. चुकलं.
त्यानं पुन्हा सांगितलं.