वजनावर

पुन्हा अटाला?
बायको विचारते आणि पिशवी हातात देते.
इंदुरात भंगाराला अटालाच म्हणतात,
आमच्या मराठीतसुद्धा.

खिशात एक छर्रा असतो,
ट्रकच्या बेअरिंगमधून निघालेला, सुपारीएवढा.
ऐरण दिसली की वीतभर उंचीवरून सोडायचा:
उसळून हाताशी आला तर पोलाद,
थबकून बसला तर बीड.

एकतीस वर्षं मी लोकांच्या घरातले विजेचे मीटर वाचले.
आकडा सोडून दुसरं काही बघायचं नाही
ही सवय इथे कामाची नाही.
इथे बघावं लागतं.
कानस गुळगुळीत झाली म्हणून फेकलेली, तिची सुरी होते.
जीपचा तुटका पाटा म्हणजे दोन कोयते,
उरलं तर विळ्याचं पातं.
बंद मिलमधली चाती, वीस रुपयांना सहा.
गंज वरवरचा की पोटातला
हे नखाला कळत नाही,
कानाला कळतं.

सियागंजच्या मागच्या बोळात हातिमभाईंचं गोदाम.
काट्याशेजारी, ताडपत्री उडू नये म्हणून
ठेवलेला एक काळा ठोकळा.
मी उगाच नळाचे तुकडे चाळले,
नको असलेल्या शिकंज्याचा भाव विचारला,
नाक मुरडलं,
आणि जाता जाता सहज छर्रा सोडला.

तो मुठीत परत आला.
आवाज असा, की पितळी डब्याचं झाकण
फरशीवर पडून स्वतःभोवती
फिरत राहावं, फिरत राहावं.

मी चेहरा मीटरवाल्याचा केला.
"ये कित्ते का?"
"नब्बे रुपे किलो."
"बीड है."
"भिया, बीड ऐसा नी बोलता."

तरी पंचावन्नावर आले.
अठ्ठेचाळीस किलो. दोन हजार सहाशे चाळीस,
वरचे चाळीस मी सोडवून घेतले,
वर एक सांडशी फुकट, जबडा अजून जुळणारी.
नवी घ्यायची तर पंधरा हजार, मी मनात म्हणत होतो,
पंधरा हजार.

लोडिंग रिक्षात चढवून झाल्यावर,
नोटा मोजता मोजता हातिमभाई बोलले:
देपालपूरकडचा मांगीलाल लोहार,
बैलगाड्यांच्या चाकांना धावा चढवायचा.
गाड्या गेल्या.
पोराने सगळं दुकान हातगाडीवर आणलं, तीस रुपये किलोने.
तेव्हापासून दर रविवारी म्हातारा येतो.
घेत काही नाही, भाव विचारत नाही.
बोटातल्या शनीच्या लोखंडी छल्ल्याने
हिला एकदा वाजवतो.
ऐकतो.
पाणी पितो, जातो.
"आज अजून आला नाही,"
हातिमभाई म्हणाले, आणि नोटांवर रबर चढवला.

मी सौदा मोडला नाही.
हे लिहून ठेवतो.

ऐरण आता रामबागेत, मागच्या अंगणात,
बाभळीच्या ओंडक्यावर.
भाता म्हणून मुलीचा केस वाळवायचा पंखा,
भट्टी म्हणून मारुतीच्या चाकाची रिम.
शेजारचे गोखरूकर म्हणतात, आवाज होईल.
अजून झालेला नाही.
तिच्या एका कडेला बोटाचं पेर मावेल एवढा खोलगा आहे,
घण वर्षानुवर्षं एकाच जागी पडून झालेला,
पण उलट्या बाजूला.
डावखुरा असणार.
मी दोनदा तिथे उभा राहून पाहिलं,
हात कुठूनच बसत नाही.

हातिमभाईंना चिठ्ठीवर पत्ता दिलाय:
घर नंबर, पिठाची गिरणी, निळं फाटक.
फाटकाची कडी हल्ली आतून लावत नाही.
रविवारी मी अटाल्यात जात नाही.
कोपऱ्यावरून पोहे आणतो,
एक पुडी जास्त.