पहिली वेलांटी

परळला, तिसऱ्या मजल्यावर, वाचोपचाराच्या खोलीत
मी त्यांच्यासमोर चित्रं धरते. कप. छत्री. किल्ली.
किल्लीला ते 'परवा' म्हणतात, छत्रीला 'तो नव्हे',
आणि माझ्याकडे असं बघतात
जशी चूक चित्राचीच आहे.

नाव काय तुमचं, काका?
फायलीत आहे नाव. आधार कार्डावर आहे.
तोंडात नाही.

मग उजवा हात, अर्ध्या ताकदीचा,
चादरीवरून उठतो. हवेत थांबतो.
चिमटीत काहीतरी धरून
डाव्या तळव्यात आणून ठेवतो, अंगठ्याने दाबतो.
पुन्हा वर.

मी लिहिते : निरर्थक हालचाल.

मुलगी डबा घेऊन येते. बघत राहते.
"खिळे जुळवतायत," म्हणते. "ठाकुरद्वारला छापखान्यात होते ना.
ही पहिली वेलांटी. आता भ.
छापताना वेलांटी आधी लावायची."

भिकाजी तोडणकर.
ओठांना भ आधी लागतो, हाताला वेलांटी.
मी तीन आठवडे ओठांशीच बोलत होते.

"छापून झालं की मजकूर मोडायचे," ती डबा उघडत सांगते,
"खिळा न खिळा आपापल्या खणात परत."

मोडलेला मजकूर मग कुठे असतो,
हे विचारायचं माझ्या ओठांवर येतं. विचारत नाही.

का झाला. ज झाला.
हात वरच थांबलाय,
दुसऱ्या वेलांटीचा खण सापडत नाहीये.
मी कप, छत्री, किल्ली उचलून घेते
आणि जागा करून देते.