तळाची मासळी

लर्विक बंदराच्या वरच्या अंगाला
बेचाळीस खाटांचा वृद्धाश्रम.
मी न कळवता गेले, तरी
लादी ओली होती,
आणि टेबलावरच्या फुलांना
किमतीची चिठ्ठी तशीच लटकलेली.

माझ्या पिशवीत सहा श्रेण्या असतात.
एक म्हणजे वाईट.
सहा मी अठरा वर्षांत दोनदाच दिलीय.

औषधांच्या नोंदी बरोबर.
वजनाचे तक्ते बरोबर.
सूप मी चाखलं: मीठ कमी, पण गरम.
मिसेस पॉटिंजर हसून म्हणाल्या,
शितावरून भाताची परीक्षा झाली म्हणायची.

खिडकीपाशी अँड्रिना इंकस्टर, वय ब्याण्णव.
प्रश्न चौदावा: तुम्ही इथे समाधानी आहात का?
तिने माझा हात ओढला, उलटा केला,
अंगठ्यावरून बोट फिरवलं.
"कधी मासळी सोललेली दिसत नाहीस."
नाही, म्हटलं.
"मी सोळाव्या वर्षापासून. बोटांना चिंध्या बांधून.
आकार पाच, टोपल्या पाच,
बघायचं नाही, फेकायचं. हाताला कळतं.
आणि पिंपं तपासायला साहेब यायचा ना,
हुशार असला तर झाकणाला शिवायचाच नाही.
वरचा थर आम्हीच रचलेला असायचा.
तो पिंप उलटं करायचा, बूड फोडायचा."
मग डोळे मिटून घेत:
"सव्वातीनला ये. पहाटे."

पहाटे सव्वातीन.
नऊ नंबरची घंटा वाजत होती.
मी घड्याळ लावलं.
चार मिनिटं.
सात.
अकराव्या मिनिटाला रुतेंडो धावत आली,
मुतारेची, हातात कुणाचा तरी एकच मोजा.
बाकीचे कुठेत?
"आज मी एकटीच."
आणि तू कुठे होतीस?
"सहा नंबरात. त्यांना वाटत होतं बोट बुडतेय.
किनारा लागेपर्यंत थांबले."

नऊमध्ये मिस्टर हॅल्क्रो
कमरेपर्यंत ओले, गार,
भिंतीकडे तोंड करून
माझीच माफी मागत होते.

तपासणाऱ्याने हात लावायचा नसतो.
मी चादरीचं दुसरं टोक धरलं.
हे अहवालात नाही.
अहवालात आहे: प्रतिसाद, अकरा मिनिटं.
रात्रपाळी, बेचाळीस जणांमागे एक.
श्रेणी दोन.
"किनारा लागेपर्यंत" हे मी टाइप केलं,
खोडलं, पुन्हा टाइप केलं.
त्याला रकाना नव्हता.
आणि नाव तर कुणाचंच लिहायचं नसतं,
ना दोषात, ना गुणात.

सकाळी अँड्रिना पाव दुधात बुडवत होती.
"फोडलंस बूड?"
हो.
"खारं पाणी सगळं जमिनीवर येतं त्यात.
चांगल्या मासळीचंसुद्धा."
तिने पाव चावला, सावकाश गिळला.
"पुसायला कुणाला लावतात
तेवढं बघून जा."